सोडणे, देणे, उसने देणे

मंगळवार, १४ जानेवारी २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. माझ्या नोंदवहीतली त्या दिवसाची पहिली ओळ या वेळेने सुरू होते. पुढे तीनच शब्द आणि एक आकडा आहे. नोंदवही इंग्रजीत असते, मराठीत ती ओळ अशी होईल: "डबी मिळाली. बिया ९६." वेळ मिनिटापर्यंत लिहिण्याची मला सवय आहे आणि बिया मी दोनदा मोजल्या होत्या. 'मिळाली' हे क्रियापद मात्र मी तपासले नाही. मिळाली म्हणजे सापडली, की कुणी दिली, की माझी झाली? त्या डबीत जे होते ते जगात दुसरीकडे कुठेही उरलेले नाही, हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हते. पण ती डबी माझी नव्हती, एवढे ठाऊक होते.

ग्लासगोतल्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएचडी करते, तिथे घेवड्यावर काम चालते. माझा विषय थंडी हा आहे. आठ अंश तापमानाला कोणता वाण उगवतो, कोणता कुजतो, आणि जो उगवतो त्याच्या बीमध्ये असे कोणते प्रथिन असते की जे इतरांत नसते. माझी शिष्यवृत्ती सप्टेंबरमध्ये संपणार होती. जानेवारीच्या अखेरीस एका परिषदेसाठी गोषवारा पाठवायचा होता, आणि माझ्याकडे असलेले सगळे वाण थंडीत सारखेच निरुत्साही होते.

डबी ठेवणारी माझी सहकारी प्रयोगशाळेची तंत्रज्ञ आहे. पंचेचाळिशीची, कॅटलन, हातमोजे न घालता द्रव नायट्रोजनच्या जवळ कुणी गेले तर वर्गशिक्षिकेसारखी ओरडणारी. डबी मेंथॉलच्या गोळ्यांची होती, पत्र्याची. आत तिच्या आईच्या बागेतला घेवडा होता. बी साईच्या रंगाची आणि डोळ्यापाशी किरमिजी ठिपका. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात एप्रिलपर्यंत दंव पडते आणि तरीही हा घेवडा मार्चमध्ये पेरतात, असे तिने मला पूर्वी कधीतरी सांगितले होते. मी तेव्हापासून त्या डबीकडे कोणत्या नजरेने बघत होते, हे इथे लिहून ठेवणे योग्य होईल. माझी नजर स्वच्छ नव्हती.

डबीवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. "मदर इज बॅड. आय गो टुडे. आय लीव्ह यू द बॉक्स. यूज फॉर युवर कोल्ड."

तिची आई वाईट नव्हती, आजारी होती. 'युवर कोल्ड' म्हणजे माझी सर्दी नव्हे, माझा थंडीचा प्रयोग. हे उलगडायला मला क्षणही लागला नाही. तिचे इंग्रजी मी अडीच वर्षे ऐकत होते. आणि 'आय लीव्ह यू' या शब्दांना दोन अर्थ असू शकतात, हेही मला त्याच क्षणी कळले. त्यामागे दोन महिन्यांपूर्वीची एक दुपार होती.

नोव्हेंबर होता. पाऊस आडवा पडत होता. आम्ही तिघे काचघराच्या दारात अडकलो होतो: ती, मी आणि काचघराचे व्यवस्थापक. ते पोर्तुगीज आहेत, साठीचे, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असला तरी मराठीत लिहिताना त्यांना 'अहो' केल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

ती मला म्हणाली, "कॅन यू लीव्ह मी युवर अम्ब्रेला?"

"कुठे सोडू?"

"सोडू नको. मला सोड."

"तुला कुठे सोडू?"

"अगं बाई, मला कुठे नको सोडूस! छत्री! छत्री मला सोड! बस स्टॉपपर्यंत जाते, पाच मिनिटांत परत आणते."

मी हसत सुटले. "तुला उसनी हवी आहे. लेंड. लीव्ह नव्हे."

"एकच," ती म्हणाली.

"एकच कसं?"

"आमच्याकडे एकच." आणि तिने तो शब्द उच्चारला. मला स्पष्ट 'दशा' असे ऐकू आले. कॅटलन भाषेत लिहिताना शेवटी एक र असतो, पण तिच्या भागात तो उच्चारत नाहीत. स्पॅनिशमध्ये तोच शब्द 'देखार', ख घशातून. तिने बोटांवर मोजून दाखवले: सोडून जाणे, दशा. करू देणे, दशा. सिगारेट बंद करणे, दशा. पुस्तक उसने देणे, तेही दशा.

"आमच्याकडे दशा म्हणजे हाल," मी म्हणाले. "केस विस्कटले की आई म्हणते, काय ही दशा!"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी सोडलं की तसंच होतं."

व्यवस्थापक तोपर्यंत कुंड्यांच्या चळतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "आमचाही तोच शब्द. दैशार. पण उसनं देताना आम्ही तो वापरत नाही. माझ्या काकांनी मला घर दैशार केलं. ते काही परत मागायला येणार नाहीत."

"कारण ते मेले," ती म्हणाली.

"म्हणजे काय! आमच्याकडे नीट मरतात आणि नीट सोडतात. तुम्ही लोक वस्तू सोडता आणि मागून दोरी ओढता."

"ज्याने तुम्हाला घर दिलं त्याच्यासाठी एक मेणबत्ती तरी लावता का?"

"लावतो की. वीज गेली की."

मीही मग माझी भर घातली. पहिल्या वर्षी मार्गदर्शक बाईंचा गाडीने विमानतळावर जायचा बेत होता आणि मी सामान उचलायला म्हणून सोबत जाणार होते. मी त्यांना आनंदाने सांगितले, "आय विल कम टू लीव्ह यू." म्हणजे तुम्हाला सोडायला येते. बाई ॲबर्डीनच्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "इतक्यात सोडणार? माझ्यापेक्षा बरी मार्गदर्शक मिळाली का?" आमच्या सोडण्यात स्टेशनवर सोडणे असते, उपास सोडणे असते, केस सोडणे असते आणि गाय सोडणे असते. उसने देणे मात्र त्यात नसते. तसे मी त्या दोघांना सांगितले. म्हणजे त्या दुपारी तीन भाषांच्या सीमा तिघांसमोर नीट आखल्या गेल्या होत्या, आणि त्या आखताना मी सर्वांत जास्त बोलत होते.

नंतर तिने छत्री नेली आणि पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी परत आणली.

तर १४ जानेवारीला मी त्या चिठ्ठीसमोर उभी होते. कॅटलन अर्थ लावला तर: डबी तुझ्याकडे ठेवते, तुझ्या प्रयोगाला लागतील तेवढ्या वापर, मी आले की परत घेईन. पोर्तुगीज अर्थ लावला तर: डबी तुला दिली. ती कॅटलन आहे, पोर्तुगीज नाही. याहून साधा निष्कर्ष विज्ञानात क्वचित निघतो.

शिवाय बियांवर काम करणाऱ्या कोणत्याही ठिकाणी एक नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात. थोडा साठा असेल तर आधी पेरायचा, वाढवायचा, नवे बी धरायचे आणि मग त्या नव्यातले वापरायचे. मूळ साठा संपवायचा नाही. या घेवड्याला पेरणीपासून पक्क्या शेंगेपर्यंत चार महिने लागतात. माझ्याकडे सतरा दिवस होते.

मी फोन काढला. तिला एका शब्दाचा प्रश्न लिहिला: "सगळ्या?" मग तो पुसला. आई आजारी असलेल्या बाईला बियांसाठी कशाला छळायचे, असे मी स्वतःला सांगितले. ते कारण खोटे नव्हते. सोयीचे होते, आणि सोयीचे आहे हे मला अंगठा पुसण्याच्या खुणेवर असतानाच कळत होते.

ऐंशी बिया मी दळल्या. प्रथिने मोजायची तर पूड लागते, आणि आकडेवारी भक्कम हवी तर बिया भरपूर लागतात. उरलेल्या सोळा ओल्या कागदावर, तबकडीत, आठ अंशांवर उगवणीसाठी ठेवल्या. चौदाव्या दिवशी सोळापैकी अकरा उगवल्या होत्या. त्या थंडीत माझ्या दुसऱ्या कोणत्याही वाणाच्या सोळात दोनांच्या वर कधी गेल्या नव्हत्या. पुढे त्या अकराही रोपांची पाने कापून, गोठवून, दळून घेतली. न उगवलेल्या पाचांपुढे मी 'मृत' असे लिहिले, न तपासता, कारण आलेखाला त्यांची गरज नव्हती. साठ्याच्या रकान्यात लिहिले: शिल्लक शून्य.

गोषवारा वेळेत गेला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले की मला पंधरा मिनिटांचे भाषण मिळाले आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना बहुधा भिंतीवरचे पोस्टर मिळते. मी सबवेत उभ्या उभ्या ती ईमेल चार वेळा वाचली आणि एक स्टेशन पुढे गेले.

त्याच आठवड्यात तिची आई गेली.

ती मार्चच्या पहिल्या सोमवारी परतली. केस आखूड कापले होते. मी कॉफी घेऊन गेले, मिठी मारली, जे बोलतात ते बोलले. ती बराच वेळ घराविषयी सांगत होती. घर भाड्याचे होते, महिनाअखेर रिकामे करून द्यायचे होते. बागेत शरद ऋतूपासून कुणी पाऊल टाकले नव्हते, कारण आई पडल्यापासून वाकू शकत नव्हती. आणि फडताळातल्या बरणीतले बियाणे किडीने पोखरून टाकले होते. झाकण उघडले तर पिठाचा ढीग आणि वर वळवळणारे किडे.

"सगळं?" मी विचारले. तोच शब्द होता, सात आठवडे उशिरा.

"सगळं. पण ठीक आहे," ती म्हणाली. "डबी आहे ना तुझ्याकडे. शेजारच्या म्हाताऱ्याला थोड्या देणार आहे. तो पेरतो म्हणालाय. मार्चमध्येच पेरायला हव्यात. किती उरल्यात?"

मी कॉफीचा कप टेबलावर ठेवला. "मला वाटलं तू मला दिल्यास."

तिला आधी कळले नाही. मग कळले. तिच्या तोंडावर राग येईल अशी मी वाट पाहत होते. रागाला उत्तर देण्याची तयारी माझ्याकडे होती. राग आला नाही. तिने कपाळाला हात लावला आणि ती स्वतःच्याच भाषेत स्वतःला काहीतरी बोलली.

"माझं इंग्रजी," ती म्हणाली. "मी लीव्ह लिहिलं ना? लेंड लिहायला हवं होतं. तू शिकवलं होतंस मला. त्या छत्रीच्या वेळी. सॉरी, हं. तुझी काही चूक नाही. सॉरी."

आणि मी म्हणाले, "असू दे."

या दोन शब्दांबद्दलच मला खरे तर लिहायचे आहे. बाकीची चूक घाईची होती, हावरेपणाची होती, पण ती दुसऱ्या कुणी केली असती तर मला समजू शकली असती. आई नुकतीच गेलेली एक बाई माझी क्षमा मागत होती आणि मी ती दिली.

पुढचे चार दिवस मी अभ्यासू माणसे अपराधी वाटल्यावर जे करतात ते केले. वाचन केले. लॅटिनमध्ये 'लाक्सारे' असे एक क्रियापद होते. अर्थ: सैल करणे, ताण काढणे. फ्रेंच आणि इटालियन भाषांत त्याचे जे वंशज आहेत त्यांनी सुरुवातीचा ल टिकवला. जुन्या स्पॅनिशमध्ये, जुन्या पोर्तुगीजमध्ये आणि जुन्या कॅटलनमध्येही तो होता. मग केव्हातरी तिन्हीकडे ल जाऊन द आला. का, याचे उत्तर पक्के नाही. काही म्हणतात, पुढे लागलेल्या एका उपसर्गाचा तो अवशेष. काही म्हणतात, 'देणे' या अर्थाच्या 'दार' या क्रियापदाची त्याला लागण झाली. दुसरा तर्क वाचून मला क्षणभर बरे वाटले, हे कबूल करते. सोडण्यामध्ये देणे मिसळलेलेच होते, तर गोंधळ माझा एकटीचा नव्हता.

पण मग मी आपले सोडणे तपासले. हिंदीत छोडना, गुजरातीत छोडवुं. आपल्याकडे छ चा स झाला, छुरीची सुरी झाली तसा. मूळ अर्थ पाहिला तर तोच: गाठ सोडणे, सैल करणे. त्यातूनच सोडून जाणे आणि सोडून देणे. दोन टोकांच्या भाषा एकाच गाठीपासून निघून जवळपास त्याच ठिकाणी पोचल्या होत्या. म्हणजे तिचे क्रियापद मला परके नव्हतेच. मी ते आतून ओळखत होते. मला कोणताही गोंधळ झाला नव्हता, हे सिद्ध करण्याखेरीज त्या चार दिवसांच्या वाचनाने दुसरे काही साधले नाही.

व्यवस्थापकांना बहुधा सगळे माहीत झाले होते. काचघरात ते माझ्या रोपांना पाणी घालत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, तर न वळता म्हणाले, "तुम्ही माझ्या काकांचा अर्थ घेतलात."

"हो."

"दैशा ला," ते म्हणाले. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ जाऊ दे, मनावर घेऊ नको. मग झारी खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. "हे मी म्हणायचं असतं. तिने म्हणायचं असतं. तुम्ही स्वतःला म्हणायचं नसतं."

शुक्रवारी दुपारी आईला फोन केला. आई नागपूरला असते. शाळेतून निवृत्त झाली तरी तिचा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो. मी तिला सगळे सांगितले, म्हणजे तिला सांगण्याजोगे तेवढे. चिठ्ठी, इंग्रजी, गैरसमज.

"थांब," आई म्हणाली. "तिनं तुला बिया दिल्या, की वापरायला दिल्या?"

मराठीत उसने देण्यासाठी वेगळे क्रियापद नाही. आपण 'देणे'च वापरतो. पेन दे जरा, गाडी दे दोन दिवस, शिडी दे. समोरचा परत देणारच असतो म्हणून कुणी विचारत नाही, आणि जिथे शंका असते तिथे आई जो शब्द घालते तो घालतो.

"वापरायला," मी म्हणाले.

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"आई, तिची आई आजारी होती, मला तिला त्रास..."

"मी वेगळं विचारलं."

"ठाऊक होतं."

आई ओरडेल असे वाटले. ती म्हणाली, "काहीच नाही उरलं? तू भिजत घातल्या होत्यास ना त्यातल्या?"

"सोळा. अकरा उगवल्या, त्या कापल्या. पाच मेल्या."

"मेल्या कशावरून?"

"उगवल्या नाहीत म्हणून."

"अगं, गणंग असतील. एवढी शिकलीस आणि मटकी कधी भिजवली नाहीस का? मोड आलेल्यांत चार दाणे टणटणीत राहतातच. ते मेलेले नसतात, त्यांना पाणीच शिरत नाही. आम्ही फेकतो, कारण दाताखाली येतात. तू फेकल्यास का?"

गणंग. आमच्या शास्त्रात त्याला सात शब्दांची व्याख्या आहे आणि ती मी एका परीक्षेत लिहिली होती. काही शेंगवर्गीय बियांचे टरफल पाण्याला दारच उघडत नाही; बी आत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. मृत लिहिण्यापूर्वी प्रत्येक बी दाबून पाहायची असते. तीस सेकंदांचे काम. मी ते केले नव्हते.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी शीतगृहात होते. टाकाऊ तबकड्यांचा ढीग तीन महिन्यांतून एकदा जातो आणि मार्चचा गेलेला नव्हता. यात माझे काहीही कर्तृत्व नाही. माझी तबकडी खालून चौथी होती. पाच बियांपैकी दोन बोटाखाली लगेच फुटल्या, काळ्या, घाण वासाच्या. तीन टणटणीत होत्या. साईच्या रंगाच्या, ठिपक्यासह, कोरड्या ठणठणीत, जणू पाण्याशी त्यांचा काही संबंधच आलेला नव्हता.

सुचलेली पहिली गोष्ट लिहिते, कारण ती सुचली. या तीन बिया उगवून, वाढवून, चार महिन्यांनी शेंगा तिच्यापुढे ठेवायच्या. तिला आनंद होईल, आणि मग चिठ्ठीचा विषय पुन्हा काढावाच लागणार नाही. मी तबकडी हातात धरून दाराशी किती वेळ उभी होते ते नोंदवलेले नाही. शीतगृहाच्या दाराचा भोंगा वाजू लागला तेव्हा बाहेर आले.

सोमवारी तिला मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बोलावले. तीन बिया तबकडीत होत्या. आधी त्या दाखवायच्या की आधी बोलायचे, यावर मी रविवार घालवला होता. तबकडी पाठीमागे टेबलावर ठेवली आणि आधी बोलले.

"तुझ्या इंग्रजीची चूक नव्हती. चिठ्ठी वाचली तेव्हाच मला दोन्ही अर्थ कळले होते. तू उसनी दिली होतीस हे मला माहीत होतं. तुला विचारायला मी मेसेज लिहिला होता आणि पुसला. तू नाही म्हणाली असतीस म्हणून."

ती बघत राहिली. मग तिने दार लावून घेतले.

"गेल्या सोमवारी," ती म्हणाली. "मी तुला सॉरी म्हणाले."

"हो."

"दोनदा म्हणाले."

"हो."

"व्हाय यू लीव्ह मी से सॉरी?"

का म्हणू दिलेस, असे तिला विचारायचे होते. तिचे तेच क्रियापद, पुन्हा इंग्रजीत चुकीच्या जागी. मी दुरुस्त केले नाही. "सोपं होतं म्हणून," असे काहीतरी मी म्हणाले, आणि ते खरे होते.

मग तबकडी पुढे केली आणि गणंग म्हणजे काय ते सांगितले. तिने एक बी उचलून बोटांत दाबून पाहिली, पुन्हा ठेवली. तिचे डोळे भरले होते पण आवाज नेहमीच्या कामाचा होता.

"आठ अंशांत ठेवू नकोस. वीसमध्ये ठेव. तुझ्या थंडीचं आता पुरे."

"तू नेतेस का? शुक्रवारी जाणारच आहेस घर रिकामं करायला."

"नाही. विमानात नाही, बॅगेत नाही. तू कर. तू मोज." तिने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले. "रोज मला आकडा पाठव. फोटो नको. सॉरी लिहू नकोस. आकडा."

"आणि मी..."

"मी तुझ्याशी बोलेन," ती म्हणाली. "आज नाही."

त्याच दिवशी मार्गदर्शक बाईंना सांगितले की ज्या बियांवर माझा आलेख उभा आहे त्या मी परवानगीशिवाय संपवल्या, आणि प्रयोग पुन्हा करता येणार नाही. बाईंनी चष्मा काढला. जे पुन्हा करता येत नाही ते मंचावरून सांगायचे नाही, एवढेच त्या म्हणाल्या. आयोजकांना पाठवायची ईमेल मी त्यांच्यासमोर लिहिली. भाषण गेले. पोस्टर राहिले, आणि त्यावर बियांचा स्रोत, संख्या आणि त्यांचे काय झाले हे तीन ओळींत छापायचे ठरले. आयत्या हाती आलेल्या त्या पंधरा मिनिटांवर मी पाणी सोडले. त्याने मला हलके वगैरे काही वाटले नाही. त्या रात्री मी चिडून रडले, हेही खरे आहे.

मंगळवारी तिन्ही बियांच्या टरफलावर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, पॉलिश पेपरने अलगद घासले. आतला पांढरा रंग सुईच्या अग्राएवढा दिसला की थांबायचे. पहिलीला जास्त घासले गेले. मग ओला कागद, तबकडी, वीस अंश.

बुधवारी तिन्ही फुगल्या होत्या. पाणी शिरले होते. तिला पाठवले: "पहिला दिवस. शून्य." तिने वाचल्याची खूण आली, उत्तर आले नाही. गुरुवारी शून्य. शुक्रवारी ती गेली. मी तिला सोडायला गेले नाही, तिने बोलावले नव्हते. शुक्रवारीही शून्य. शनिवारी पहिली बी, जिला जास्त घासले होते ती, कडेने काळी पडली. मी लिहिले: "चौथा दिवस. शून्य. एक कुजली, चूक माझी." मग शेवटचे दोन शब्द खोडले, कारण तिने आकडा मागितला होता, आणि पाठवले.

रविवारी तिचे उत्तर आले, इंग्रजीत, एकच ओळ. शेजारच्या म्हाताऱ्याने वाफा खणून ठेवला आहे आणि तो रोज विचारतो.

त्या ओळीने माझी झोप गेली, त्याआधी कशानेही गेली नव्हती तशी. तोपर्यंत तिन्ही बिया म्हणजे माझ्या अपराधाचे माप होते. आता कुणीतरी खरोखर माती खणली होती.

सोमवारी सकाळी मी तबकडी उघडली. एक बी तशीच होती, फुगलेली, मुकी. दुसरीच्या टरफलाला चीर गेली होती आणि चिरेतून काहीतरी पांढरे बाहेर वळले होते. ते मूळ आहे की फाटलेल्या टरफलाची कड, हे ठरवायला मी भिंग घेतले. मूळच होते. पट्टी लावून तीनदा मोजले. तो मोड रोप होईल का, रोपाला शेंग धरेल का, विमानाने ते बी कधी त्या वाफ्यापर्यंत पोचेल का, यातले काहीच मला माहीत नव्हते, म्हणून यातले काहीच लिहिले नाही. तिला पाठवले आणि तेच नोंदवहीत उतरवले.

सहावा दिवस. तीनपैकी एक. मूळ, चार मिलिमीटर.